कार्ड रीडर लावला की 'टुडुंग' वाजतं, पण माय कॉम्प्युटरमध्ये काहीच दिसत नाही

पेजमेकर_तात्या | शनिवार, सकाळी १०:४२

राम राम मंडळी. मोबाइलवरून घाईत लिहितोय, शुद्धलेखन पोटात घाला.

विट्यात माझं डीटीपी-फ्लेक्सचं दुकान आहे. मशीन दोन. फ्लेक्सचं नवं, विंडोज १० वालं. त्याचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) गुरुवारी उडाला, ते सांगलीला दुरुस्तीला गेलंय. राहिलं जुनं, एक्सपीवालं. (हसू नका. पानं जुळवायचं पेजमेकर, मराठी टायपिंगचं श्री-लिपी आणि कैक वर्षांच्या लग्नपत्रिका त्यावर आहेत, आणि ते बिचारं अजून चालतंय.)

सकाळी एक गिऱ्हाईक आलं. आपल्याच भागातले गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे), दुकान कोइम्बतूरला. वडिलांच्या प्रथम पुण्यस्मरणाची पत्रिका करायची आहे. वडिलांचा फेट्यातला एकच धड फोटो आहे आणि तो पुतण्याच्या कॅमेऱ्याच्या कार्डात. कार्ड ६४ जीबीचं एसडी, मोठ्या आकाराचं, मायक्रो नव्हे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं ते परत निघणार. कॅमेरा कोइम्बतूरला, कार्ड तेवढं खिशात!

रीडर लावला की टुडुंग वाजतं, रीडरचा दिवा लागतो, खाली घड्याळाशेजारी हिरव्या बाणाचं चिन्हही येतं. पण माय कॉम्प्युटर उघडलं की तेच नेहमीचं: सी, डी आणि ई. ई म्हणजे नव्या मशीनचा शेअर केलेला फोल्डर. मशीन सांगलीला, म्हणून त्यावर लाल फुली. रीडरचं नाव नाही. फुंकर मारून झाली, तीनदा रिस्टार्ट झालं. पुढं काय करू?

सुपारीफोड्या | १०:४९

एक्सपी?? ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टनं त्याला खांदा दिला, तात्या. आधी त्याच्या पुण्यस्मरणाची पत्रिका छापा.

अंजूताई | १०:५५

सुपारीफोड्या, माणूस अडचणीत आहे आणि तुम्ही काय चालवलंय.

तात्या, रीडर पुढच्या पोर्टला लावलाय का? कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची वायर आत मदरबोर्डपर्यंत गेलेली असते, ती सैल असली की दिवा लागतो पण माहिती नीट जात नाही. मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावून बघा. मध्ये हब असेल तर काढा. आणि रीडरला वेगळी केबल असेल तर ती बदला. निव्वळ चार्जिंगच्या केबली मिळतात, त्यांत डेटाच्या दोन तारा नसतातच. आमच्याकडे अशा एका केबलीपायी मी अख्खा रविवार घालवला आहे.

दुरुस्तीवाला | ११:०४

ताईंचं बरोबर आहे, पण तात्यांच्या केसमध्ये टुडुंग वाजतंय. केबल चार्जिंगची असती तर नुसता दिवा लागला असता, आवाज आला नसता. आवाज आला म्हणजे रीडर आणि कॉम्प्युटर यांची ओळख झाली.

माझं दुकान पुण्यात आहे, रोज दोन-तीन जण "रीडर खराब झालाय" म्हणत येतात. रीडर, कार्ड आणि कॉम्प्युटर ही तीन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. एका वेळी एकच बदला. तोच रीडर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, त्याच रीडरमध्ये दुसरं कार्ड घाला, त्याच पोर्टला एखादा पेनड्राइव्ह लावा. लोक तिन्ही एकदम बदलतात, मग काम झालं तरी कशानं झालं कळत नाही, आणि चांगला रीडर कचऱ्यात जातो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या यंत्रांची विंडोजमधली यादी) पिवळं उद्गारचिन्ह आहे का तेही सांगा. पिवळं असेल तर त्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा, रीडर काढा, परत लावा. यूएसबी रीडरसाठी एक्सपीला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, तो त्याच्या पोटातच असतो. इंटरनेटवरून "ड्रायव्हर डाउनलोड" नावाचं काही उतरवू नका, त्या एक्सपीवर तर मुळीच नाही.

भिगवणचा_बगळा | ११:१२

पक्ष्यांचे फोटो काढतो, कार्डांशी रोजचा संबंध. माझा अनुभव असा की दहातल्या सात वेळा दोष कार्डाच्या पट्ट्यांचा असतो. कार्ड उलटं करून उजेडात तिरकं धरा. सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर किंवा बोटांचा तेलकटपणा दिसेल. पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, लगेच काम होतं.

आणि बाजूचं ते छोटं लॉकचं बटण बघा.

दुरुस्तीवाला | ११:१८

बगळेभाऊ, खोडरबर नको हो. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, दोन-चारदा घासलं की खालचा धातू उघडा पडतो आणि मग खरा गंज धरतो. शिवाय रबराचा भुगा रीडरच्या खाचेत जाऊन बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायची काडी, बास.

लॉकचं म्हणाल तर त्यानं कार्ड दिसायचं थांबत नाही. त्यावर लिहिता येत नाही, वाचता येतं. ते बटण नुसतं प्लास्टिक आहे, कार्डाच्या आत कशालाच जोडलेलं नसतं. ते कुठं आहे हे रीडरमधली बारीक कळ चाचपते. ते तुटून पडलं की कार्ड कायमचं लॉक झाल्यासारखं वागतं, तेव्हा त्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा लावायचा.

भिगवणचा_बगळा | ११:२१

बारा वर्षं खोडरबर वापरतोय. कार्डं जिवंत आहेत. असो.

सेलोटेपचं मात्र माहीत नव्हतं. दोन कार्डं ड्रॉवरमध्ये तशीच पडून आहेत, आज बघतो.

लिनक्सोबा | ११:२६

लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) लाइव्ह पेनड्राइव्ह करा, त्यावरून मशीन सुरू करा. टर्मिनलमध्ये दोन ओळी टाकल्या की रीडर दिसतोय का, कार्ड दिसतंय का, चूक कुठं आहे, सगळं लिहून येतं. विंडोजसारखं तोंड मिटून बसत नाही.

सुपारीफोड्या | ११:२८

आले. मी घड्याळ लावून बसलो होतो. ४४ मिनिटं.

न्यूजर्सीकर | ११:४०

इकडे मध्यरात्र उलटली आहे, झोप येत नाही म्हणून लिहितो. गेल्या वर्षी आईबाबा इकडे आले होते, तेव्हाचे फोटो काढायला ऑफिसच्या लॅपटॉपला रीडर लावला. दिवा, आवाज सगळं होतं, ड्राइव्ह गायब. तीन तास घालवले, दुसरा रीडर मागवला. सोमवारी ऑफिसात सहज विचारलं तर कळलं की कंपनीनं सगळ्या लॅपटॉपवर बाहेरचं स्टोरेजच बंद करून ठेवलंय. बँका, सरकारी कचेऱ्या, आयटीवाले, सगळीकडे हल्ली हेच आहे. तात्यांना हे लागू नाही, पण पुढे कोणी हा धागा शोधत आला तर तीन तास वाचतील.

मिनीमावशी | ११:५२

माझी वेगळीच गंमत. फोनमधलं मायक्रो कार्ड फोनमध्ये छान चालायचं, कॉम्प्युटरला लावलं की "फॉरमॅट करा". भाच्यानं शोध लावला की फोननं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हे कार्ड अंतर्गत स्टोरेज म्हणून वापरू का, आणि मी बिनधास्त हो म्हटलं होतं. अँड्रॉइड ६ पासून ही सोय आहे. मग फोन त्या कार्डाला स्वतःचं कुलूप घालतो, ते दुसऱ्या कुठल्याही यंत्रात उघडत नाही. फोनच मोडला असता तर सगळे फोटो गेले असते. शेवटी फोनला केबल लावून फोटो काढून घेतले.

तात्या, तुमचं कार्ड कॅमेऱ्याचं आहे म्हणजे हे नसणार. पण सांगून ठेवते.

आडनाव_नको | ११:५८

कार्ड बनावट नाही ना? रस्त्यावर ६४ म्हणून मिळतात, आत ८ जीबी असतात. कॉम्प्युटरला सांगतात ६४, आणि ८ च्या पुढचं लिहिलेलं जातं ब्रह्मांडात. नवीन कार्ड घेतलं की एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रामनं ते आधी पूर्ण भरून तपासायचं. लिनक्सवर त्यासाठी एफ-थ्री आहे.

लिनक्सोबा | १२:०१

धन्यवाद. कोणीतरी नाव घेतलं.

अंजूताई | १२:०४

पावसाळ्यात हा त्रास वाढतो हे कोणाला जाणवलंय का? माझं माहेर गुहागरचं. तिथं जुलैत काहीही लावा, पहिल्यांदा ओळखतच नाही. आई रीडर आणि कार्डं पापडाच्या डब्यात ठेवते, सिलिकाच्या पुड्या घालून.

सुपारीफोड्या | १२:०६

आणि पापड?

अंजूताई | १२:०७

ते कपाटात, कॅमेऱ्याशेजारी. तुम्हाला काय करायचंय.

पेजमेकर_तात्या | १२:३३

सगळ्यांचे आभार. लाईट गेली होती.

सांगितलं ते सगळं केलं. मागच्या पोर्टला लावला, तेच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं काही नाही, रीडरचं नाव व्यवस्थित दिसतंय. कार्ड बघितलं, पट्ट्या स्वच्छ आहेत. रीडरला केबल नाहीच, एकाच खाचेचा, पेनड्राइव्हसारखा आहे. मग शेजारच्या मेडिकलवाल्याचा पेनड्राइव्ह आणून लावला. टुडुंग वाजलं, आणि तोही दिसत नाही! या मशीनला मी कधी काही लावतच नाही, व्हायरसच्या भीतीनं. फायली सगळ्या ई वरून येतात.

पाहुणे बाकावर बसून आहेत. दुसरा चहा झाला.

दुरुस्तीवाला | १२:३८

आता मजा आली. दोन वेगळ्या वस्तू लावल्या, दोन्ही गायब. म्हणजे रीडरही निर्दोष आणि कार्डही. चोर घरातच आहे.

आणि मघाशी मी एक गोष्ट विसरलो. विंडोज ७ पासून पुढं रिकामा रीडर मुद्दाम लपवलेला असतो, फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड एम्प्टी ड्राइव्ह्ज' नावाची खूण असते. एक्सपीत ती भानगड नाही. कार्ड आत नसतानासुद्धा रीडरचा ड्राइव्ह दिसायला हवा. तात्यांचा तोही दिसत नाही. मी मात्र तासभर कार्डाच्या पट्ट्या घासण्यावर वाद घालत बसलो.

कट्ट्यावरचा | १२:४४

सकाळपासून वाचतोय, हातात भाजीची पिशवी होती म्हणून लिहिलं नाही. तात्या, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर लिहिलंय.

"ई वर लाल फुली."

तुमच्या मशीनला सी आणि डी हे दोनच खरे ड्राइव्ह. एक्सपी नव्या रीडरला पुढचं मोकळं अक्षर देतो, म्हणजे ई. नेटवर्कच्या फोल्डरनं ई आधीच बळकावलंय हे त्याला अक्षर देताना कळत नाही, कारण नेटवर्कचे ड्राइव्ह तो वेगळ्या वहीत मांडतो. आता एकाच सीटवर दोन पाशिंजर. कंडक्टरला दिसतो तो आधी बसलेला. तुमचा रीडर ई वर आहेच, फक्त लाल फुलीच्या मागं उभा आहे.

माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मॅनेज, डावीकडे डिस्क मॅनेजमेंट. तिथं खालच्या अर्ध्या भागात तुमचं कार्ड 'रिमूव्हेबल' म्हणून दिसेल. त्यावर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', चेंज, आणि लांबचं एखादं अक्षर द्या, आर वगैरे. त्याच मेनूत फॉरमॅटही आहे. बोट तिकडे जाऊ देऊ नका.

मिनीमावशी | १२:४६

पाशिंजर! 😄

न्यूजर्सीकर | १२:४९

आता झोपणं शक्य नाही. तात्या, लवकर लिहा.

पेजमेकर_तात्या | १३:०२

दिसला!!! आर दिल्याबरोबर टपकन आला. पाहुण्यांना दाखवला, ते उठून उभे राहिले.

पण डबल क्लिक केलं तर म्हणतो, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? यस आणि नो. करू का?

अंजूताई | १३:०२

नो.

भिगवणचा_बगळा | १३:०३

नो!! हात काढा माऊसवरून.

दुरुस्तीवाला | १३:०३

नो.

लिनक्सोबा | १३:०३

नो. (बघा, आमचं सगळ्यांचं एकमत होऊ शकतं.)

आडनाव_नको | १३:०६

रीडर जुना असणार. जुने रीडर ३२ जीबीच्या वरचं वाचत नाहीत. नवा आणा.

कट्ट्यावरचा | १३:१५

आडनाव, अर्धं खरं आहे. एसडी कार्डांच्या पिढ्या आहेत. साधं एसडी २ जीबीपर्यंत, २००६ साली आलेलं एसडीएचसी ३२ पर्यंत, त्यावरचं एसडीएक्ससी, २००९ चं. पहिल्या पिढीचा रीडर दुसऱ्या पिढीचं कार्ड खरंच वाचू शकत नाही, कारण कार्डातला पत्ता सांगायची पद्धतच बदलली. पण दुसरीतून तिसरीत जाताना फरक मुख्यतः मांडणीचा आहे. एसडीएचसीसाठी केलेले कितीतरी रीडर ६४ चं कार्ड वाचतात. अडतं ते विंडोजचं.

कार्डावर फायली मांडायच्या पद्धती असतात. ३२ पर्यंतची कार्डं फॅट-३२ मध्ये मांडलेली येतात, ६४ आणि वरची एक्स-फॅटमध्ये. मूळ एक्सपीला एक्स-फॅट म्हणजे काय ते माहीत नाही. त्याला ती अक्षरंच वाचता येत नाहीत, म्हणून तो म्हणतो पान कोरं आहे, फॉरमॅट करू का. मोडी न येणाऱ्यानं दप्तर रद्दीत घालावं तसं.

तात्या, डिस्क मॅनेजमेंटमध्ये कार्डाचा आकार काय दाखवतोय? ५९-६० जीबीच्या आसपास असेल तर कार्ड, रीडर दोघंही ठणठणीत आहेत.

पेजमेकर_तात्या | १३:१८

५९ पॉइंट काहीतरी. नो दाबलंय.

दुरुस्तीवाला | १३:२४

मग निश्चिंत राहा. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीसाठी एक्स-फॅटचा अपडेट काढला होता, केबी ९५५७०४, सर्व्हिस पॅक २ किंवा ३ वर चालतो. पण आज पाहुणे बाकावर असताना त्या मागे लागू नका. कोणाचंही विंडोज ७ किंवा १० चं मशीन गाठा, फोटो साध्या १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्या. तो बहुतेक फॅट-३२ च असेल, एक्सपी वाचेल. आणि त्या पेनड्राइव्हलाही आधी वेगळं अक्षर द्या, नाहीतर तोही लाल फुलीमागं जाऊन उभा राहील.

पुढे कधी कार्ड खरंच बिघडलं असेल आणि असाच फॉरमॅटचा प्रश्न आला, तर फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो मांडणी मोडलेल्या कार्डातूनही फोटो उचलतो. वाचवलेले फोटो मात्र त्याच कार्डावर ठेवायचे नाहीत, दुसरीकडे घ्यायचे. गिऱ्हाइकं नेमकं उलटं करतात.

सुपारीफोड्या | १३:३०

धागा वाचनखुणेत साठवला. सकाळचे शब्द मागे घेतो. एक्सपीचं वर्षश्राद्ध पुढच्या वर्षी.

भिगवणचा_बगळा | १४:१०

सेलोटेपवाली युक्ती चालली. दोनपैकी एक कार्ड परत लिहिता येतंय. त्यावर माळढोक समजून काढलेले मोराचे ४० फोटो आहेत.

पेजमेकर_तात्या | १६:४७

झालं काम. चौकातल्या सेतूवाल्याकडे विंडोज १० आहे, त्यानं दोन मिनिटांत पेनड्राइव्हवर घेऊन दिलं. पेनड्राइव्हला एस अक्षर दिलं. एक्सपीवर फोटो उघडला.

फोटो खरंच देखणा आहे. गुलाबी फेटा, पांढरी मिशी, मागं कुणीतरी धरलेली छत्री. छत्री काढायला अर्धा तास गेला. पाहुणे म्हणाले, राहू द्या की, ती आमच्या आईनं धरलीय. मग परत घातली.

पत्रिका ३०० छापल्या, पाहुणे आत्ताच गेले.

आता एक सांगा, सोमवारी नवं मशीन आलं की लाल फुली जाईल, मग हा घोळ परत होणार का?

कट्ट्यावरचा | १६:५८

होणार. फुली गेली तरी ई वर बसलेला पाशिंजर तोच. फोल्डरला डिस्कनेक्ट करा आणि परत जोडताना झेड अक्षर द्या. नेटवर्कचे ड्राइव्ह नेहमी शेवटच्या बाकावर बसवायचे.

पेजमेकर_तात्या | १७:०६

झेडला बसवतो. पण पेजमेकरच्या जुन्या फायलींमधले सगळे फोटो ई वरून जोडलेले आहेत, ते सगळे तुटतील ना?

कट्ट्यावरचा | १७:०९

अरे देवा. हो.

तसं असेल तर ई राहू द्या, रीडरलाच कायमचं आर ठेवा. एक्सपी त्या रीडरसाठी ते अक्षर लक्षात ठेवतो. दुसरा रीडर आणलात तर परत हेच करावं लागेल.

विजयकुमार_६२ | २१:१५

पूर्ण धागा वाचला नाही. केबल बदलून पाहिली का?